पेठेचें गिऱ्हाईक कोठें गेलें?

गोरोबाकाकांचें गांव म्हणून साऱ्या वारकऱ्यांना ठाऊक असलेलें तेर हें तेरणा नदीच्या कांठचें गांव आज धाराशिव जिल्ह्यांतील एक लहानसें गांव आहे. मीठमिरची, काडेपेटी, पाटीपेन्सिल असल्या नित्याच्या जिनसा गांवांत मिळतात. परंतु मुलीच्या लग्नाचें कापड घ्यावयाचें झालें, किंवा चार तोळे सोनें करावयाचें झालें, कीं घरचीं माणसें धाराशिव, बार्शी किंवा लातूर गांठतात. यांत कोणास कांहीं नवल वाटत नाहीं. नवल वाटतें तें जुना इतिहास उघडल्यावर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक नाविकानें लिहिलेल्या प्रवासवर्णनांत दक्षिणापथांतील दोन प्रमुख पेठा सांगितल्या आहेत, एक पैठण आणि दुसरी तगर. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर होतें. तेथून साधें कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत घालून, धड रस्ता नसलेल्या मुलखांतून, भडोचच्या बंदरास जाई आणि तेथून जहाजांत चढे. हें तगर नेमकें कोठें, याबद्दल एकोणिसाव्या शतकांत पंडितांमध्यें बराच वाद माजला होता. १९०१ च्या सुमारास फ्लीट या संशोधकानें तेर तेंच तगर असें दाखवून दिलें आणि पुढें तेथील पांढरीच्या टेकाडांत सांपडलेल्या वस्तूंनीं त्यास दुजोरा मिळाला. ज्या गांवचें कापड समुद्रापार जात होतें, त्या गांवास आज स्वतःच्या अंगावरचें कापड आणावयास परगांवीं जावें लागतें.

असें कां व्हावें? तेरची गोष्ट फार जुनी, म्हणून ती क्षणभर बाजूस ठेवावी. पण तिच्याच आसपासच्या कितीतरी लहान पेठांची हीच गोष्ट आजोबा-पणजोबांच्या काळांत घडलेली आहे. तिचीं दोन उत्तरें बाजारांत नेहमीं ऐकूं येतात. गिऱ्हाईक म्हणतें, गांवचा दुकानदार महाग विकतो आणि त्याच्यापाशीं पुरता मालहि नसतो. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाइकाला गांवची चाड उरली नाहीं. उधारीला आम्ही आणि रोखीला शहर. दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य आहे, आणि दोघांचेंहि बोलणें अपुरें आहे. लहान पेठेचें गिऱ्हाईक काल-परवां गेलें असें नव्हे. तें शंभर-दीडशें वर्षें थोडथोडें जात आलें आहे. आणि तें कां गेलें हें समजण्यासाठीं, मुळांत तें इतके दिवस राहिलें कां, हें आधीं पाहिलें पाहिजे.

मराठेशाहींत नवी पेठ वसवावयाची म्हणजे ती राज्यकारभाराची बाब असे. सरकारांतून कौल मिळे. नव्यानें येऊन दुकान घालणाऱ्या उदम्यास कांहीं वर्षें करांची माफी असे, आणि पेठेची व्यवस्था पाहण्यास शेटे व महाजन हे वतनदार असत. पेठ वसली म्हणजे आठवड्याच्या ठरल्या वारीं आजूबाजूच्या गांवांतून लोक जमत. एका पेठेचा वार शेजारच्या पेठेच्या वारावर येऊं नये अशी वांटणी बहुधा आपोआपच होई. त्यामुळें फिरता व्यापारी सोमवारीं एका गांवीं तर मंगळवारीं दुसऱ्या गांवीं पाल ठोकी. दोन पेठांमधलें अंतर बैलांच्या पायांनीं ठरविलेलें असे. पहाटे गाडी जुंपून निघावें, माल विकावा, खरेदी करावी आणि दिवेलागणीला परत घरीं यावें, इतक्या टप्प्यांतली जी पेठ ती आपली पेठ. त्यापलीकडचें शहर कितीहि मोठें असलें तरी तें यात्रेचें ठिकाण, बाजाराचें नव्हे.

अंतराच्या जोडीला जकात होती. माल एका मुलखांतून दुसऱ्या मुलखांत नेतांना नाक्यानाक्यावर थांबावें लागे आणि दर नाक्याला कांहीं ना कांहीं मोजावें लागे. त्यामुळें शहरांतला स्वस्त माल लांबच्या गांवापर्यंत येईतों स्वस्त राहत नसे. शिवाय शेर, पायली, मण हीं मापें गांवोगांवीं निराळीं; एका पेठेंतला मण दुसऱ्या पेठेंतल्या मणाबरोबर असेलच असें नाहीं. दोन गांवचे भाव ताडून पाहणें हें हिशेबी माणसासहि जड जाई, मग सामान्य कुणब्याची काय कथा? लहान पेठेभोंवतीं असें हें एक न दिसणारें गांवकूस होतें.

पण या सर्वांहून बळकट कुंपण दुकानाच्या आंतच होतें. जुन्या पेठेंतला वाणी हा नुसता विकणारा नव्हता, तो घेणाराहि होता. शेतकऱ्याची जोंधळ्याची रास, कापूस, जवस, करडई हीं तोच मापून घेई. आणि त्याच ओट्यावर बसून मीठ, गूळ, तेल, कापड तोच देई. चोपडींत एका अंगास जमा आणि दुसऱ्या अंगास नांवें. नाणें फारच थोडें हिंडे. शेतकरी ज्या दारीं आपला माल घाली, त्याच दारीं घरचा बाजार उचली. लहान पेठेच्या दुकानदारीचें सारें मर्म या एका ओट्यांत होतें, आणि पुढें जें झालें तें या ओट्याचे दोन तुकडे होऊन झालें.

या व्यवहाराची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. पेरणीला बी, अडीनडीला पैका, लग्नाला कापड हें सर्व वाणी उधार देई खरा. पण सुगीला धान्य त्याच्याच दारांत, त्याच्याच मापानें आणि त्यानेंच ठरविलेल्या भावानें घालावें लागे. गिऱ्हाईक टिकून राही तें पुष्कळ वेळां लोभानें नव्हे तर ऋणानें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं, बाजाराच्या दिवशींच, जमलेल्या लोकांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली आणि हातीं लागलीं तेवढीं कर्जखतें व चोपड्या जाळल्या. तेथून हा दंगा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. चौकशीसाठीं सरकारनें आयोग नेमला आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. जुन्या पेठेचे गोडवे गाणारे लोक सुप्याचा हा बाजार सोयीस्करपणें विसरतात.

हें कुंपण एकदम पडलें नाहीं, एकेक दगड निखळत गेला. मुंबई इलाख्यांतील अंतर्गत जकाती १८३८ सालीं उठल्या. त्यापूर्वींच, १८३० सालीं, बोरघाटांतून गाडीरस्ता झाला होता, आणि वंजाऱ्यांच्या तांड्यांनीं बैलांच्या पाठीवरून वाहून न्यावयाचा माल हळूहळू गाड्यांवर चढूं लागला होता. १८५३ सालीं मुंबई ते ठाणें आगगाडी धांवली. सहा वर्षांनीं, १८५९ सालीं, रूळ सोलापूर जिल्ह्यांत कुर्डुवाडीपर्यंत आले आणि दुसऱ्या वर्षीं सोलापुरास पोहोंचले. बोरघाटाचा चढ १८६३ मध्यें रेल्वेनें जिंकला, तेव्हां सोलापूरकडचा माल थेट मुंबईच्या धक्क्यावर जाऊं लागला. तीं वर्षें अमेरिकेंतील यादवी युद्धाचीं होतीं. तिकडचा कापूस बंद पडल्यामुळें इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता.

या लोहमार्गानें एक गंमत केली. कुर्डुवाडीच्या स्टेशनला नांव दिलें ‘बार्शी रोड’. बार्शी तेथून सुमारें एकवीस मैल दूर! भगवंताच्या देवळामुळें प्रसिद्ध असलेलें बार्शी हें व्यापाराचेंहि मोठें केंद्र होतें. निजामच्या हद्दीला तें अगदीं लागून असल्यामुळें बालाघाटावरचा कापूस, जवस व इतर गळिताचा माल गाड्यांच्या माळा लावून तेथें उतरे, आणि तेथून मुंबईकडे जाई. अक्कलकोट रोड, श्रीगोंदें रोड अशीं आणखीहि कांहीं स्टेशनें या प्रांतांत झालीं. इंजिनियरला सपाट जमीन व सरळ रेषा हवी होती. पेठ कोठें आहे याची त्याला फारशी पर्वा नव्हती. अशा प्रत्येक ‘रोड’च्या मागें, आगगाडी आपल्या दारीं न येतां कोसावरून निघून गेल्याची एका जुन्या गांवची हळहळ आहे.

बार्शीनें नुसती हळहळ केली नाहीं, आणि म्हणूनच बार्शीची कथा विशेष पाहण्याजोगी आहे. जी. आय. पी. रेल्वेंत नोकरीस आलेला एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाचा एक इंग्रज इंजिनियर होता. लहान रुळाच्या, कमी खर्चाच्या रेल्वेवर त्याची मोठी भक्ति. बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत अशी रेल्वे घालावी म्हणून त्यानें वर्षानुवर्षें खटपट केली. १८९५ सालीं कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्यें अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी बार्शीस आली. कॅलथ्रॉपच्या डब्यांची व रुळांची रचना इतकी हिशेबी होती कीं, लहान रुळावर पुष्कळ भार कसा वाहावा याचें उदाहरण म्हणून या रेल्वेकडे इतर देशांतील इंजिनियरहि पाहूं लागले. बार्शीकरांना इंजिनियरीचें कौतुक किती होतें कोण जाणे. पण एकवीस मैलांची बैलगाडीची वाट चुकली आणि बार्शी हें आतां खऱ्या अर्थानें रेल्वेचें गांव झालें. बालाघाटावरच्या गाड्यांना बार्शीपलीकडे जावयाचें कारणच उरलें नाहीं. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, पुढें कापडाच्या गिरण्याहि निघाल्या. या काळांत बार्शीच्या आसपासच्या लहान पेठांना बार्शी म्हणजे आजच्या भाषेंत शहर झाली. शेतकरी कापसाची गाडी घेऊन बार्शीस येई, अडत्याकडून रोख पट्टी घेई, आणि ती पट्टी कमरेला खोंचून बार्शीच्याच कापडदुकानांत शिरे. गांवच्या वाण्याचा ओटा येथें दुभंगला. माल घेण्याचा अर्धा भाग बार्शीच्या अडतींत गेला. आणि त्याच्या पाठोपाठ माल देण्याचा अर्धा भाग, निदान त्यांतला रोखीचा व नफ्याचा अंश, निघून गेला.

परंतु रूळ कोणत्याहि एका गांवचा मिंधा नसतो. कंपनीला उत्पन्न हवें, तर रेल्वे पुढें नेणें भाग होतें. १९०६ सालीं ती एका अंगानें पंढरपुरास गेली, दुसऱ्या अंगानें १९०७ मध्यें तडवळ्यापर्यंत आणि १९११ सालीं लातुरास गेली. १९२७ मध्यें पंढरपूरहून मिरजेपर्यंत पोहोंचल्यावर हा एकंदर मार्ग २०२ मैलांचा झाला. लातूर त्या वेळीं निजामच्या राज्यांत होतें. जो माल आजवर घाटावरून गाड्यांनीं बार्शीकडे उतरे, त्याला आतां लातुरांतच वाघीण मिळूं लागली. तोच कापूस, तेंच जवस बार्शीच्या स्टेशनांतून जाई. पण त्यांतलें पुष्कळसें आतां बार्शींत उतरत नसे, तेथें तोललें जात नसे, आणि त्याची पट्टीहि तेथें होत नसे. १९१७ च्या सुमारास लातूरच्या मध्यभागीं गंजगोलाई उभी राहिली. मधोमध गोल इमारत, तिच्याभोंवतीं दुकानांची रांग, आणि तेथून चोहों दिशांस फुटलेले सोळा रस्ते. कोणी सराफांचा, कोणी मिरची-गुळाचा, कोणी चपलांचा. ज्यानें ही आंखणी केली त्याला मोठ्या पेठेचें रहस्य पुरतें उमगलें होतें यांत शंका नाहीं. एका धंद्याचीं वीस दुकानें शेजारीं शेजारीं लागलीं म्हणजे तीं एकमेकांना बुडवितात असें वरवर वाटतें. प्रत्यक्षांत वीस दुकानांची निवड एका रस्त्यावर मिळते म्हणूनच लांबचें गिऱ्हाईक तेथें येतें.

बार्शीनें खटपट करून आणलेली रेल्वे अशा रीतीनें लातूरच्या उपयोगीं पडली. बार्शी त्यामुळें बुडाली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तिचा धान्याचा बाजार आजहि नांवाजलेला आहे. पण बालाघाटाचा एकमेव दरवाजा हें तिचें स्थान गेलें तें गेलेंच. आणि तेर? तेरचें स्टेशन याच लातूर फांट्यावर होतें. दोन हजार वर्षांपूर्वीं ज्या गांवाहून गाड्या भरून कापड निघत होतें, त्या गांवाला पुन्हां एकदां रस्ता मिळाला. परंतु या खेपेस तो गांवांतून बाहेर जाण्यासाठींच अधिक उपयोगी पडला. लहान गांवानें रस्ता मागावा तो गिऱ्हाईक येईल म्हणून. पण रस्त्याला दोन टोकें असतात आणि गर्दी जड टोंकाकडे वाहते. म्हणून रस्ता मागूं नये काय? तसें नव्हे. रस्ता नसलेल्या पेठांचे हाल याहूनहि वाईट झाले आहेत.

गिऱ्हाईक गेलें म्हणजे तें सगळें एकदम गेलें असें मात्र नाहीं. आधीं काय गेलें, हें पाहणें उद्बोधक आहे. प्रथम गेला तो लग्नाचा बस्ता. दोन्हीकडचीं वडील माणसें, मामा, आत्या, करवल्या मिळून दहा-पंधरा जण दुकानांत बसतात. नवरीचा शालू, मानाचीं लुगडीं, धोतरें, फेटे, आहेराचें कापड असें सारें एका बैठकींत घेतलें जातें. वीस लुगडीं विकावयाचीं तर दोनशें उलगडून दाखवावीं लागतात. लहान गांवच्या दुकानदारानें दोनशें लुगडीं आणावयाचीं कोणत्या भरंवशावर? त्याच्या पंचक्रोशींत एका हंगामांत लग्नें तीं किती, आणि त्यांतलीं रोख देणारीं किती? उरलेल्या मालाची घडी पुढच्या वर्षापर्यंत पिवळी पडते आणि काठापदराची तऱ्हाहि जुनी होते.

याचा हिशेब मांडणें फारसें कठीण नाहीं. समजा, दोन दुकानदारांनीं दहा दहा हजार रुपये मालांत घातले. शहरांतल्याचा माल वर्षांत पांच वेळां फिरतो, म्हणून तो शेंकडा आठ नफ्यावर विकूं शकतो. वर्षअखेर त्याला चार हजार मिळतात. गांवच्याचा माल वर्षांतून एकदांच फिरतो. त्यानें शेंकडा वीस नफा घेतला तरी हातीं दोनच हजार येतात. आणि त्यांतले निम्मे उधारींत. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें गांवचा दुकानदार लुटारू ठरतो आणि स्वतःच्या दृष्टीनें तो उपाशी राहतो, आणि दोघेहि खरे असतात. त्यांतून तो स्वतः जो माल आणतो तो त्याच शहरांतल्या घाऊक व्यापाऱ्याकडून. शहरचा भाव, त्यावर गाडीभाडें, हमाली, आणि मग आपला नफा. शहराला जाण्यायेण्याचा खर्च जोंवर या वाढीव किंमतीपेक्षां अधिक होता तोंवर गिऱ्हाईक गांवांत थांबे. तो कमी झाला कीं गिऱ्हाईक उठे. गांवचा दुकानदार आपल्या मुलीच्या लग्नाचा बस्ता कोठें बांधतो याची चौकशी केली, तर तोहि बहुधा शहरांतच बांधलेला आढळेल, आणि त्याबद्दल त्याला दोष देववत नाहीं.

अमेरिकेंत विल्यम रायली नांवाच्या अभ्यासकानें १९३१ सालीं या ओढीचा नियमच मांडला. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीवर त्यानें सांगितलें कीं, दोन शहरांमधल्या गांवाचा व्यापार त्या शहरांकडे जातो तो त्यांच्या लोकवस्तीच्या सम प्रमाणांत आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत. एक शहर लाख वस्तीचें, दुसरें पंचवीस हजारांचें आणि दोहोंमध्यें तीस मैलांचें अंतर असेल, तर मोठ्याची ओढ वीस मैलांपर्यंत पोहोंचते आणि लहानाच्या वांट्याला दहाच मैल येतात. गणित सुबक आहे आणि मोकळ्या बाजाराला तें बऱ्याच अंशीं लागूहि पडतें. मात्र आपल्याकडच्या जुन्या पेठेला हें सूत्र लावून पाहणारा फसला असता. कर्जानें बांधलेलें गिऱ्हाईक अंतराचा वर्ग काढीत बसत नाहीं. कुंपणें होतीं तोंवर हा नियम निजलेला होता. कुंपणें गेलीं आणि तो जागा झाला.

बालाघाटाच्या कडेला शेवटचें कुंपण होतें तें राज्याच्या सीमेचें. अलीकडे इंग्रजी कलदार रुपया, पलीकडे निजामचा हाली रुपया. सीमेवर निजामची जकात, सर्वसाधारणपणें शेंकडा पांच. नाणीं बदलून देणारे सराफ सीमेवरच्या गांवांत आपला निर्वाह चालवीत. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत आलें. पुढें कांहीं वर्षांतच ती जकात आणि तें नाणें दोन्हीं गेलीं, आणि १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर रस्त्यावर एस्. टी. ची पहिली गाडी सुटली होती. तिचें जाळें आतां इकडेहि पसरलें. बैलांनीं ठरविलेलें पेठांचें अंतर मोटारीनें पार विस्कटून टाकलें. सकाळीं निघून संध्याकाळीं परत येण्याचा टप्पा पांच-सहा कोसांचा होता तो वीस-पंचवीस कोसांचा झाला. दशमान वजनें १९५८ पासून येऊं लागलीं आणि गांवोगांवचे निराळे शेर-मण संपले. १९७७ च्या नियमांनीं बांधीव मालाच्या वेष्टनावर किंमत छापणें आलें. साबणाच्या वडीवर छापलेली किंमत शहरांत तीच आणि खेड्यांत तीच. गाडीभाड्यापुरते चार पैसे वर घेण्याची जी मुभा गांवच्या दुकानदारास होती तीहि गेली.

या साऱ्यांत शेतकऱ्याचें नुकसान झालें काय? इतिहास पाहतां तसें म्हणतां येत नाहीं. वऱ्हाडांत कारंजें येथें १८८६ सालीं कापसाचा पहिला नियंत्रित बाजार निघाला. १९३९ सालीं मुंबई प्रांतानें शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. उघडा लिलाव, तपासलेलीं वजनें, ठरलेली अडत, हीं सर्व मोठ्या बाजारांतच शक्य होतीं. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची चाल मोडावयाची तर दहा खरीददार एका जागीं जमले पाहिजेत. एका वाण्याच्या ओट्यावर लिलाव कसला होणार? शेतकरी मोठ्या बाजारास गेला तो चार रुपये जास्त मिळतात म्हणून, आणि तसें करण्यांत त्याचें शहाणपणच होतें. लहान पेठेनें गिऱ्हाईक गमावलें त्यांतला मोठा भाग असा न्यायानें गमावलेला आहे. दुःखाचा भाग निराळा आहे. पीक बुडालेल्या वर्षीं शहरांतला दुकानदार कोणास ओळखत नाहीं. त्या वर्षीं तोच शेतकरी पुन्हां गांवच्या दुकानाची पायरी चढतो, आणि गांवचा दुकानदार त्याला सहसा परत धाडीत नाहीं. कारण उद्यां पारावर त्याच्याच शेजारीं बसावयाचें असतें. रोकड शहरानें न्यावी आणि जोखीम गांवानें सोसावी, अशी ही वांटणी होऊन बसली आहे. ज्याच्याकडे फक्त उधारीचें गिऱ्हाईक उरलें त्यानें माल तरी कशाच्या जोरावर भरावा?

मोठ्या गांवांनाहि आतां नुसत्या मालानें गिऱ्हाईक मिळत नाहीं. १९८२ सालीं लातूर जिल्ह्याचें ठाणें झालें. कचेरीला आलेला माणूस गोलाईंत डोकावल्याशिवाय परतत नाहीं. पुढें शिकवण्यांमुळें मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतलीं मुलें तेथें येऊन राहूं लागलीं. बार्शीस कर्करोगाच्या रुग्णालयामुळें आसपासच्या जिल्ह्यांतले रुग्ण व त्यांचे नातलग येतात. आणि ज्या गांवीं माणसाला कचेरी, शाळा किंवा दवाखाना यांपैकीं कशासाठींहि जावें लागत नाहीं, त्या गांवचीं दुकानें त्या गांवापुरतींच राहतात. हातांतल्या फोनवरून माल मागविण्याची सोय झाल्यापासून तर लातूरच्या दुकानदारांसहि तोच प्रश्न पडूं लागला आहे जो एके काळीं खेड्यांतल्या वाण्याला पडला होता.

बार्शीच्या अडीच फुटी रुळांची जागा आतां रुंद मार्गानें घेतली आहे. ‘बार्शी रोड’ हें नांव जाऊन स्टेशन कुर्डुवाडी झालें त्यासहि पुष्कळ काळ लोटला. वाटेवरच्या लहान गांवांत दुकानें आहेत. नाहींत असें नव्हे. बीबियाणें व खतें सुगीच्या वायद्यावर देणारीं आहेत, पंप दुरुस्त करून देणारीं आहेत, रात्रीं दहा वाजतां दार ठोठावलें तर उठून साखर देणारींहि आहेत. त्यांचा माल आजहि बार्शी, लातूर, सोलापूर येथूनच येतो. आठवड्यांतून एखादा दिवस दुकान मुलाच्या स्वाधीन करून दुकानदार स्वतः तो आणावयास जातो, आणि सकाळच्या त्या एस्. टी. त पुष्कळदां त्याच्या शेजारच्या बांकावर त्याचेंच गिऱ्हाईक पिशवी घेऊन बसलेलें असतें.